श्रद्धेची ओल

मार्गशीर्ष आणि त्याच्या मागचेपुढचे दिवस आपल्या घरोघर व्रतांचे असतात. गुरुवारची महालक्ष्मीची मांडणी, गीताजयंतीचे पठण, गुरुचरित्राचा सप्ताह, दत्तजन्माचा पाळणा अशी एकामागून एक पुण्यपर्वे येतात आणि घरातील वातावरण आपोआप सात्त्विक होते. याच सुमारास आपले ख्रिस्ती बांधव नाताळ साजरा करतात. त्यांच्या दारावर चांदणी लागते, प्रार्थनामंदिरात मराठी भजने होतात, शेजारीपाजारी फराळाचे ताट जाते. सोलापूर जिल्ह्याला हे दृश्य नवे नाही. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सोलापुरात १८६० च्या दशकापासून चालत आले आहे. म्हणून या सणाच्या निमित्ताने, सश्रद्ध हिंदू घरातील वाचकांपुढे, ख्रिस्ती भक्तीच्या एका अंगाचा विचार मांडावा असे आम्हांस वाटते. निराशेने मन खचले असता आणि चहूकडून विरोध होत असता देवाच्या निष्ठेवर विश्वास कसा ठेवावा, हे ते अंग होय.

देवावरील माणसाच्या निष्ठेविषयी आपण नेहमी बोलतो. परंतु ख्रिस्ती धर्मात देवाच्या निष्ठेचा, म्हणजे देव आपल्या वचनाला जागतो याचा, उच्चार फार होतो. ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. बार्शीच्या भगवंताच्या देवळाची कथा ज्याच्याशी जोडलेली आहे, त्या अंबरीष राजाचे आख्यान वैराग-बार्शीकडील मुलेसुद्धा ऐकून असतात. द्वादशीचे पारणे वेळेत व्हावे म्हणून राजाने केवळ तीर्थ घेतले आणि स्नानाला गेलेले दुर्वास कोपले. त्यांनी निर्माण केलेल्या कृत्येपासून सुदर्शनाने राजाला वाचविले आणि तेच चक्र ऋषींच्या मागे लागले. ब्रह्मदेव, शंकर यांच्याकडे अभय मिळाले नाही. विष्णूने तर आपण भक्ताच्या अधीन आहोत असे सांगून ऋषींना अंबरीषाकडेच परत धाडले. या कथेचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. दुर्वास परत येईपर्यंत वर्ष लोटले होते. तेवढा काळ राजा केवळ पाण्यावर राहून त्यांची वाट पाहत होता, आणि ते येताच त्याने आपल्या छळकर्त्याच्या सुटकेसाठी प्रार्थना केली. देव भक्ताला सोडीत नाही हा या आख्यानाचा पहिला बोध. देवाने राखलेला भक्त विरोध करणाऱ्याचे वाईट चिंतीत नाही, हा दुसरा.

हेच दोन बोध मनात ठेवून नाताळच्या कथेकडे पाहावे. येशूचा जन्म बेथलेहेम गावी गोठ्यात झाला, हे सर्वांस ठाऊक असते. त्यानंतर काय घडले याकडे मात्र सणाच्या आनंदात दुर्लक्ष होते. नव्या राजाच्या जन्माची वार्ता ऐकून हेरोद राजा बिथरला आणि त्याने त्या भागातील लहान बालकांची हत्या करविली. आईबापांना तान्हे मूल घेऊन रातोरात मिसर देशाची वाट धरावी लागली. कंसाचे भय आणि यमुनेपलीकडे नेलेले बाळ यांचे स्मरण झाल्याशिवाय ही कथा कोणा हिंदू आईला ऐकता येणार नाही. देवाचा म्हणून जो जगात येतो, त्याच्या पाळण्याभोवतीच विरोध उभा राहतो, असे दोन्ही परंपरा सांगतात.

पुढे उपदेशाला आरंभ करण्यापूर्वी येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिला आणि तेथे सैतानाने त्याला मोह घातला, अशी कथा आहे. आपण षड्रिपू म्हणतो त्यांचेच रूप या सैतानात दिसेल. धोंड्यांच्या भाकरी कर, हा पहिला मोह. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव तुला झेलील, हा दुसरा. मला नमस्कार कर, सारी राज्ये देतो, हा तिसरा. यांतला शिखरावरचा मोह भाविक माणसाने विशेष विचारात घेण्यासारखा आहे. पोटाची भूक आणि सत्तेची हाव ही मोहाची रूपे ओळखू येतात. पण हा मोह भक्तीचाच वेष घेऊन येतो. देवावर विश्वास आहे ना, मग त्याची परीक्षा घेऊन पाहा, असे तो सांगतो. येशूने ती उडी नाकारली. देवावर भरवसा ठेवणे आणि देवाची परीक्षा पाहणे या भिन्न गोष्टी आहेत, हा त्या नकाराचा अर्थ.

आपल्या नवसांकडे या दृष्टीने पाहिले तर पुष्कळ उलगडा होतो. नवस करण्यात गैर काही नाही. संकटात सापडलेले लेकरू आईचा पदर ओढणारच. पण नवस फळला तर देव खरा आणि न फळला तर देव खोटा, असा हिशेब मनात शिरला की श्रद्धेचे रूपांतर व्यवहारात होते. मग पहिल्या अपयशाबरोबर देवघरातला दिवा मंद होऊ लागतो. निराशेचा खरा घाला असतो तो येथे. ती शेत, पैसा किंवा प्रकृती यांचे नुकसान करून थांबत नाही. देवाने आपल्याला टाकले, असे ती हळूच कानात सांगते.

वैरागच्या शिवारात या दिवसांत रब्बीची ज्वारी उभी असते. पावसाळा सरता सरता पेरलेल्या या पिकाला पुढे पाऊस मिळेलच असे नाही. वर आकाश कोरडे, खाली जमिनीला भेगा. तरी पीक पोटरीत येते, निसवते, हुरड्यावर येते. काळ्या जमिनीने आपल्या पोटात धरून ठेवलेली ओल त्याला पोसत असते. ज्याची मुळे खोल गेली त्याला ती ओल मिळते, आणि वरवर वाढलेले पीक पहिल्या उन्हात माना टाकते. १९७२ च्या दुष्काळात या भागाने ती ओलही आटलेली पाहिली. खडी फोडून आणि सुकडी खाऊन माणसांनी ते दिवस काढले. तरीही पुढल्या हंगामात त्याच माणसांनी त्याच जमिनीवर विश्वासून तिफण धरली. देवाची निष्ठा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शब्दांत सांगावे लागत नाही. जी डोळ्यांना दिसत नाही पण जिच्या बळावर पुन्हा पेरता येते, ती ओल म्हणजेच ती निष्ठा.

आता हा विचार ज्यांच्या आयुष्यात प्रत्यक्ष उतरला अशा मराठी माणसांकडे वळू. नारायण वामन टिळक हे कोकणातील करजगावी १८६१ साली जन्मलेले ब्राह्मण. संस्कृताचा व्यासंग, कीर्तनाची हातोटी आणि कवीचे हृदय त्यांच्या ठायी होते. धर्मविषयक तळमळ त्यांना स्वस्थ बसू देत नसे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबल दिले. त्यांनी ते वाचले, त्यावर विचार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराच्या युक्तायुक्ततेची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि तो या लेखाचा हेतूही नाही. आपणांस पाहावयाचे आहे ते त्यानंतरच्या पाच वर्षांकडे.

त्या काळी असे पाऊल उचलणे म्हणजे जिवंतपणी मृत होणे. सोयरेधायरे तुटले, समाजाने वाळीत टाकले. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू दुरावले. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. पतीच्या धर्मांतराच्या वार्तेने त्यांच्यावर आकाश कोसळले. सौभाग्य असूनही संसार नाही, नवरा असूनही घर नाही, अशी त्यांची अवस्था झाली. या विरहाच्या काळात त्या काही दिवस आपल्या याच जिल्ह्यात, पंढरपुरास, बहिणीच्या आश्रयाने राहिल्या. सारा महाराष्ट्र आपले दुःख घेऊन जेथे येतो, त्या क्षेत्री ही एक तरुण स्त्री आपले कोणालाही न सांगता येणारे दुःख घेऊन दिवस कंठीत होती.

या प्रसंगात खलपुरुष शोधू गेल्यास सापडत नाही. टिळक आपल्या देवाशी प्रामाणिक होते, लक्ष्मीबाई आपल्या देवाशी. ज्या आप्तांनी लक्ष्मीबाईंना जवळ केले, त्यांनीही स्वधर्म आणि माया यांनाच स्मरून तसे केले. भक्ताला होणारा विरोध पुष्कळदा असाच असतो. तो दुष्टांकडून आला असता तर सोसणे सोपे होते. तो प्रेमाच्या माणसांकडून येतो म्हणून जिव्हारी लागतो. आणि अशा वेळी बाहेरच्या विरोधापेक्षा आतला प्रश्न अधिक छळतो. मी देवाची हाक ऐकून निघालो, मग वाटेत एवढा अंधार का?

टिळकांनी त्या अंधारात काय केले? त्यांनी पत्नीला बळाने ओढून नेले नाही आणि तिचा हातही सोडला नाही. त्यांची पत्रे येत राहिली. पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला गेल्या, त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच. तेथे प्रथम त्यांचे बिऱ्हाड निराळे होते, चूल निराळी होती. पतीने तेही मानले. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातून माणसामाणसांतला विटाळ गळून पडला आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने पतीचा मार्ग पत्करला. पाच वर्षांच्या या प्रतीक्षेत टिळकांना आश्वासन देणारा कोणताही चमत्कार घडला नव्हता. देव आपला शब्द मोडीत नाही एवढ्याच विश्वासावर ते थांबले होते, आणि ज्याला देवाच्या निष्ठेचा भरवसा आहे त्याला दुसऱ्यावर घाई करण्याचे कारण उरत नाही.

टिळकांचे विरोधाचे दिवस यानंतर संपले असेही नाही. ख्रिस्ती उपासनेने परदेशी पेहराव टाकावा, ओवी, अभंग आणि कीर्तन यांतून ती मराठी मनाशी बोलावी, असा त्यांचा ध्यास होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. आपल्यापैकी कित्येकांना त्यांचे जाणे रुचले नाही. ख्रिस्ती मंडळींतही कित्येकांना त्यांचे हे मराठीपण पचनी पडले नाही. अखेर १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. तो दरबार रुजण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे चरित्रकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अपुरे राहिले.

जगाच्या हिशेबाने ही पराभवाची नोंद ठरली असती. परंतु ज्या लक्ष्मीबाईंना बालपणी धड अक्षरओळखही मिळाली नव्हती आणि ज्यांनी एकेकाळी या धर्मांतरापायी पंढरपुरात अश्रू ढाळले, त्यांनीच पुढे लेखणी हाती घेतली आणि त्या अपुऱ्या काव्याचे चौसष्ट अध्याय रचले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी घरांनी ते धर्माचा भेद न मानता आपले म्हटले, कारण त्यात कोणावरही राग नाही. दुरावलेल्या आप्तांविषयी कडवटपणा नाही, स्वतःच्या हालांचे भांडवल नाही. हसत हसत सांगितलेले सत्य आहे. हिंदू घरातला बालकवी ठोंबरे हा मुलगा याच टिळकांच्या घरी पोटच्या पोराप्रमाणे राहिला. अंबरीषाच्या आख्यानातील दुसरा बोध येथे पुन्हा भेटतो. देवाने आपल्याला राखले याची खूण म्हणजे विरोध करणाऱ्याविषयी मनात विष न उरणे.

निराशेशी झुंजणारे दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. सोलापूरहून पुण्याकडे जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागते, तेथे त्यांचे मुक्तिसदन आहे. त्यांच्या आयुष्यातील आघातांची यादी वाचताना मन थरारते. आईवडील दुष्काळात गेले, पाठोपाठ भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विधवांसाठी १८८९ साली त्यांनी ‘शारदासदन’ काढले. तेथील मुली ख्रिस्ती होतात या वादावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची चिंता आपण समजू शकतो. तरीही रमाबाई कडवट झाल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात, ज्या दुष्काळाने त्यांचे बालपण गिळले होते त्याचेच रूप पुन्हा समोर उभे असता, त्यांनी शेकडो अनाथ मुली व स्त्रिया उचलून आणल्या आणि केडगावच्या माळावर सांभाळल्या. उतारवयात, १९२१ साली, त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरीही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी पुरे केले आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. कन्येच्या मृत्यूनंतर त्यांना कोणी विचारले असते की देवाने कोणता शब्द पाळला, तर त्यांनी उत्तरादाखल कदाचित हातातले काम दाखविले असते.

या दोन्ही चरित्रांच्या पाठीशी ज्याचा आधार होता, तो येशूही निराशेपासून अलिप्त नव्हता. पकडले जाण्यापूर्वीच्या रात्री बागेत त्याने हा प्याला टळावा अशी याचना केली. क्रुसावर तर देवाने आपल्याला सोडले, असा आक्रोश त्याने केला. श्रद्धावान माणूस कधी रडत नाही, ही समजूत त्या रात्रीने कायमची खोटी पाडली. त्याचा पट्टशिष्य पेत्र त्याच रात्री भीतीने त्याला तीनदा नाकारून बसला. पुढे त्याच पेत्राला त्याने पुन्हा जवळ केले आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपविली. माणसाची निष्ठा डळमळली तरी देवाची ढळत नाही, असे ख्रिस्ती भाविक म्हणतात ते या अनुभवावरून.

आपल्या तुकोबांचे चरित्र याच प्रकाशात वाचण्यासारखे आहे. दुष्काळाने पत्नी आणि मुलगा नेला, धंदा बुडाला, वह्या इंद्रायणीत बुडविण्याचा प्रसंग आला. तेरा दिवस ते शिळेवर पडून राहिले अशी परंपरा सांगते. वह्या तरल्या या चमत्कारावर आपण भर देतो. पण विरोध करणारे रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले, हा चमत्कार अधिक मोठा नव्हे काय? ही संतचरित्रे सांगणाऱ्या महिपतींच्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर जस्टिन अॅबट या अमेरिकन मराठी मिशनच्याच मिशनऱ्याने केले. टिळकांचा ज्यांच्याशी धर्मविषयक पत्रव्यवहार झाला, तेच हे अॅबट. पुलावरून ये-जा दोन्ही बाजूंनी होत असते.

या साऱ्यातून आपल्या घरासाठी काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की निराशा आली म्हणून आपली भक्ती खोटी ठरत नाही. पीक गेले, मुलाची नोकरी लागली नाही, कर्जाचा डोंगर झाला, घरात दीर्घ आजार आला, तर देवापुढे बसून रडावे. त्यात कमीपणा नाही. आणि आपले दुःख देवाबरोबर घरातल्या माणसांनाही सांगावे. खचलेल्या माणसाला एकटे सोडू नये, हा तर प्रत्येक शेजाऱ्याचा धर्म आहे. आपल्या भागातल्या शेतकरी घरांना याची आठवण करून देण्याची गरज नसावी, पण ती आहे. दुसरी गोष्ट, दिवा रोज लावावा. मन लागो वा न लागो, नेम मोडू नये. मुळे खोल जातात ती अशा कोरड्या दिवसांतच.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्याच घरातले कोणी देवाची निराळी वाट धरील, निराळ्या पंथाची माळ घालील, निराळ्या नावाने प्रार्थना करील, किंवा काही काळ देवालाच नाकारील. अशा वेळी आपला स्वधर्म आपण निष्ठेने पाळावा, मत स्पष्ट सांगावे. पण दार लावून घेऊ नये. देव आपल्या माणसांना सोडीत नाही असे ज्याला खरोखर वाटते, त्याने आपले माणूस सोडता कामा नये. टिळकांनी वेगळी चूल मानली, लक्ष्मीबाईंनी पतीची पत्रे वाचली, म्हणून ते घर पुन्हा उभे राहिले.

सावता माळ्याच्या अरणापासून आणि गोरोबांच्या तेरपासून फार दूर नसलेल्या या आपल्या भूमीला भक्ती शिकवावयास नको. आजच्या दिवशी आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना नाताळच्या शुभेच्छा द्याव्यात, त्यांच्या आनंदात सहभागी व्हावे, आणि सांजवात लावताना खचलेल्या एका तरी जीवाचे नाव घेऊन प्रार्थना करावी. उद्या सकाळी त्याच्या दारी जाऊन त्याची विचारपूसही करावी. हे सणाचे दिवस सर्वांना धीर देणारे ठरोत, ही भगवंतचरणी विनंती.